दादरची झाडे आणि करवत
१८९६च्या प्लेगने मुंबईच्या कोंदट वस्त्यांचा प्रश्न ऐरणीवर आणला. १८९८मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्याच दादर-माटुंगा योजनेतून पारशी कॉलनी उभी राहिली. मंचेरजी जोशी यांनी तिथली झाडे रस्त्यागणिक निवडली: जाम-ए-जमशेद रस्त्यावर अशोक, फिरदौसी रस्त्यावर महोगनी.

लावणाऱ्याचे नाव इतिहासात राहते, छाटणाऱ्याचे नाही. पण झाडाचे आयुष्य त्याच्याच हाती असते. झाडाची जखम भरून येत नाही. नवे लाकूड तिला वेढून घेते. फांदीच्या बुडाशी असलेला फुगीर कडा राखून कापले, तरच हे नीट साधते. पावसाळ्यापूर्वीच्या घाईत तो कडाच जातो. आतली कुज मात्र वर्षांनी दिसते.

२०२१च्या कायदादुरुस्तीने ५० वर्षांचे झाड ‘वारसा’ ठरले. आता करवत धरणारा हातही शिकलेला हवा.