मोटारीचा पहारेकरी

हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात पिवळ्या रंगाची एक रोल्स-रॉइस मोटार जतन करून ठेवली आहे. सहावे निझाम मीर महबूब अली खान यांच्यासाठी ती मागविण्यात आली होती. परंतु १९११ साली ते निवर्तले आणि ती सातव्या निझामांकडे आली. तिचे सिंहासनासारखे आसन पाहून प्रेक्षक थक्क होतो. परंतु तिच्या इंजिनाला जागे करण्याचे काम राजाचे नव्हते, सेवकाच्या मनगटाचे होते. त्या जातीच्या गाड्यांना विजेचा स्टार्टर मिळू लागला तो १९१९ पासून. तोवर पुढच्या बाजूने हॅण्डल फिरवावे लागे.

बॅटरी तेव्हा नव्हती असे मात्र नाही. शिशाच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात बुडवून वीज साठविण्याची व पुन्हा भरण्याची युक्ती फ्रान्समधील प्लान्ते यांनी १८५९ साली शोधून काढली होती. परंतु पुष्कळ गाड्यांत ठिणगीसाठी लागणारी वीज मॅग्नेटो हे यंत्र स्वतःच उत्पन्न करी. त्यामुळे बॅटरी उतरली तरी गाडी अडत नसे. मनगट मात्र अडत असे, कारण हॅण्डल उलटे फिरले तर हाड मोडे. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला आणि हा धोका टळला. पण सुखाची किंमत असतेच. गाडीचा प्राण आता बॅटरीत जाऊन बसला. ती उतरली की गाडी ठप्प!

तरीही बॅटरी बदलणे त्या काळी सरळ काम होते. नियम एकच: जे टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असेल ते प्रथम सोडावे आणि शेवटी जोडावे. कारण उघड आहे. दुसरे टोक आधी सोडू लागलो आणि पाना सांगाड्याला टेकला, तर बॅटरीचा सारा प्रवाह त्या पान्यातून धावतो; ठिणगी उडते आणि बॅटरीवर साचलेला हायड्रोजन वायू पेट घेऊ शकतो. जुन्या इंग्रजी गाड्यांपैकी पुष्कळांत सांगाड्याला धन टोक जोडलेले असे. आजच्या गाड्यांत ऋण टोक असते. टोक बदलले, नियम तोच राहिला.

पुढे चोरांनी या इतिहासाला निराळे वळण दिले. किल्लीच्या खाचेमागील तारा एकमेकींना जोडल्या की जुनी गाडी चालू करता येई. म्हणून १९८६ साली अमेरिकेतील कॉर्व्हेट गाडीच्या किल्लीत विद्युतरोधाची गुटिका बसविण्यात आली. नंतर किल्लीतच सांकेतिक क्रमांकाची चकती आली. तो क्रमांक ओळखल्यावाचून इंजिन चालू न होऊ देणाऱ्या योजनेला इमोबिलायझर म्हणतात. ऑक्टोबर १९९८ पासून ब्रिटनमध्ये नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. याच सुमारास अनेक गाड्यांच्या रेडिओंनाही गुप्त क्रमांक आले: वीज तुटली की रेडिओ मुका होई आणि क्रमांक दिल्यावरच बोले.

आणि येथेच खरी अडचण उभी राहिली. चोरही तार तोडतो आणि मालकही बॅटरी बदलताना तार सोडतो. पहारेकऱ्याला त्या दोघांतील भेद कळत नाही! काही गाड्यांच्या भोंग्याला स्वतःची छोटी बॅटरी असते. मुख्य वीज तुटताच तो आक्रोश करू लागतो. बॅटरी अशक्त झाली तरी पहारेकरी किल्ली नीट वाचू शकत नाही. किल्लीचा क्रमांक मात्र बहुधा पुसला जात नाही. तो वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत नोंदलेला असतो.

म्हणून सुज्ञ मालकाने पाना उचलण्यापूर्वी पुस्तिका उघडावी. रेडिओचा क्रमांक हाताशी ठेवावा. दिवे बंद करावेत, किल्ली स्वतःच्या खिशात घ्यावी आणि एक काच खाली ठेवावी, म्हणजे दारे आपोआप बंद झाली तरी अडचण होणार नाही. गाडीतील संगणक निद्रिस्त होईपर्यंत काही मिनिटे थांबावे; मग सांगाड्याचे टोक प्रथम सोडावे. नवी बॅटरी जुन्याच जातीची व मापाची असावी. थांबताच इंजिन बंद करणाऱ्या काही गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद संगणकालाही करून द्यावी लागते. स्मृती अखंड राखावयाची असेल, तर जाणकार कारागीर बदलाच्या काळात दुसरा छोटा वीजपुरवठा जोडतो. परंतु तेव्हा सुटलेल्या तारेच्या टोकातही वीज खेळत असते, म्हणून ते झाकून ठेवावे.

हैदराबादचा उन्हाळा बॅटरीचे आयुष्य कमी करतो. तेव्हा हा प्रसंग येथील प्रत्येक मोटारमालकावर केव्हा ना केव्हा येणारच. राणीगंजच्या बाजारात सुटे भाग मिळतात, हाताला सवय असलेले कारागीरही भेटतात. परंतु तुमच्या गाडीचा गुप्त क्रमांक तेथे विकत मिळत नाही. पूर्वी गाडी चालू करण्यास बळ लागे, मग विजेचे ज्ञान लागू लागले. आता ती आपलीच आहे याचा पुरावाही लागतो. जुनी गाडी घेताना आपण तिची कागदपत्रे मागून घेतो. त्याच वेळी दुसरी किल्ली, पुस्तिका आणि क्रमांकाचा कागदही मागून घ्यावा. पहारेकरी आपण नेमला असेल, तर त्याची खूणही आपल्याच जवळ असली पाहिजे.