बंद दारामागचे दुःख

‘फ्रँकेन्स्टाइन’ या कादंबरीमुळे मेरी शेली हे नाव अनेकांच्या परिचयाचे आहे. याच लेखिकेची ‘मॅथिल्डा’ ही लघुकादंबरी मात्र फारशी कुणाच्या वाचनात आलेली नसते. १८१९ साली लिहिलेली ही कृती प्रकाशात आली ती १९५९ साली. एवढा काळ ती अंधारात का राहिली, याचा इतिहास प्रत्येक कुटुंबाने मनन करावा असा आहे.

मेरीचा जन्म १७९७ चा. तिला जन्म देऊन अवघ्या अकरा दिवसांत तिची आई, विदुषी मेरी वुलस्टनक्राफ्ट, निवर्तली. वडील विल्यम गॉडविन हे नामवंत तत्त्वचिंतक होते. पुढे मेरी स्वतः आई झाली. परंतु १८१५ साली तिचे पहिले मूल दगावले. सप्टेंबर १८१८ मध्ये व्हेनिस येथे तान्ही क्लारा गेली आणि जून १८१९ मध्ये रोम येथे तीन वर्षांच्या विल्यमला तापाने ओढून नेले. पती पर्सी शेली जवळ असूनही मेरी मनाने एकाकी झाली. सांत्वनासाठी पित्याकडे पाहावे, तर गॉडविन यांनी पत्र लिहून तिच्या शोकाबद्दल तिचीच कानउघाडणी केली. त्याच सुमारास, इटलीत, तिने ही कथा लिहावयास घेतली.

कथेतील मॅथिल्डाही जन्मतःच मातेला पारखी होते. पत्नीच्या वियोगाने खचलेला पिता तान्ह्या लेकीला टाकून परदेशी निघून जातो. सोळा वर्षांनी तो परततो आणि काही काळ घरात आनंद नांदतो. परंतु त्याच्या मनात लेकीविषयी निषिद्ध अभिलाषा जागी होते. ती उघड झाल्यावर तो घर सोडतो आणि समुद्रात प्राण गमावतो. मॅथिल्डा स्वतःच्या मृत्यूची खोटी बातमी पसरवून एका ओसाड माळरानावर राहू लागते. वुडव्हिल नावाचा सहृदय कवी तिला भेटतो. पण आपल्या जिवंतपणी ती त्याला आपले रहस्य सांगू शकत नाही. क्षयाने मरणपंथाला लागल्यावरच ती ते त्याच्यासाठी लिहून ठेवते.

१८२० साली मेरीने हस्तलिखित लंडनला पित्याकडे धाडले. विषय किळसवाणा ठरवून त्यांनी ते छापले नाही आणि वारंवार मागूनही परत केले नाही. मॅथिल्डाचे तोंड लज्जेने बंद झाले होते. तिच्या निर्मातीचे तोंड पित्याने बंद केले. जुलै १८२२ मध्ये पर्सी शेली समुद्रात बुडाला. त्याच्या शोधार्थ केलेली धावपळ आपण आधीच कथेत लिहून ठेवली होती, असे मेरीला वाटले. अखेर एलिझाबेथ निची या विदुषीने ही कादंबरी संपादित करून प्रसिद्ध केली.

या कादंबरीत दान्तेच्या मतेल्दाचा उल्लेख आहे. शुद्धिस्थानाच्या शिखरावरील उपवनात फुले वेचणारी ही स्त्री दान्तेला पवित्र जलातून पैलतीरी नेते. मेरीच्या मॅथिल्डाला असा हात देणारे कुणी भेटले नाही. तिने पाहिले ते केवळ बुडविणारे पाणी.

आम्हांला सर्वांत अधिक अस्वस्थ करते ती एक गोष्ट. पाप पित्याचे होते, परंतु त्याची लाज आयुष्यभर वाहिली ती निरपराध लेकीने. घराण्याच्या अब्रूसाठी अन्याय सोसणाऱ्यालाच गप्प बसविणारी घरे केवळ इंग्रजी कादंबरीत असतात काय? अशी लेकरे पापनिवेदनाच्या जाळीपाशी येतात, तेव्हा त्यांना क्षमेची नव्हे, तर ‘बाळ, यात तुझा दोष नाही’ या शब्दांची आणि संरक्षणाची गरज असते. हे शब्द उच्चारण्यात आम्ही धर्मगुरूही कित्येकदा कमी पडलो आहोत, हे कबूल केले पाहिजे.

लाझरसच्या थडग्यापाशी प्रभू येशू रडला. शोक करणाऱ्या मरियेला त्याने दटावले नाही. आपल्या शेजारच्या एखाद्या बंद दारामागे कुणी मॅथिल्डा बसली असेल. उपदेश घरी ठेवून आपण ते दार ठोठावू या आणि तिचे ऐकून घेऊ या.