ऑनलाइन चंदा: देणाऱ्याची कोणती माहिती घ्यावी?

केज तालुक्यातल्या नांदूरघाटसारख्या गावात मशीद, मदरसा किंवा कुणाच्या ऑपरेशनसाठी चंदा करायचा तर आता व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड फिरतो. यूपीआयवर पैसे पाठवणाऱ्याचं नाव दिसतं, पण हिशेबाला तेवढं पुरत नाही.

रकमेचा प्रकार: जकात, सदका की लिल्लाह, हे आधी विचारा. जकात ठरलेल्या हकदारांनाच देता येते. मशिदीच्या बांधकामाला ती बहुतेक उलेमा जायज मानत नाहीत. म्हणून नोंद वेगळी ठेवा.

नाव, पत्ता, पॅन: आयकर कायदा १९६१ च्या ८०जी खाली मान्यता असलेल्या संस्थांना २०२१-२२ पासून दरवर्षी ३१ मेपर्यंत फॉर्म १०बीडी भरणं बंधनकारक झालं. त्यात देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन किंवा आधार क्रमांक आणि रक्कम लागते. त्यावरूनच करसवलतीचं प्रमाणपत्र निघतं. अशी मान्यता नसेल तर पॅन मागण्याचं कारण नाही.

नागरिकत्व: दुबई-सौदीत कामाला असलेल्या भारतीय पासपोर्टधारकाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम विदेशी देणगी ठरत नाही. परदेशी नागरिकाची मात्र ठरते, त्याच्याकडे ओसीआय कार्ड असलं तरी. संस्थेची एफसीआरए नोंदणी नसेल तर ती घेऊ नका.

आधारचे फोटो ग्रुपवर मागवू नका, देणगीदारांची यादी मोबाइल नंबरसह फॉरवर्ड करू नका. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चंही तत्त्व हेच: संमतीने, कामापुरतीच माहिती घ्यावी. अनेकांना गुपचूप द्यायचं असतं. नाव जाहीर करण्याआधी त्यांना विचारा. चंद्यासारखी ही माहितीही अमानतच आहे.