एक यजमान, अनेक सर्व्हर : ऑपरेटिंग सिस्टीम बदलताना

बाळापूर (जि. अकोला) : सातबारा काढण्यासाठी तालुक्याला आलेल्या शेतकऱ्यास 'सर्व्हर डाऊन आहे' हे उत्तर अपरिचित नाही. राज्यात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला आणि दूरच्या सर्व्हरशी गावोगावचा संबंध अधिकच घट्ट झाला. सर्व्हर बंद ठेवण्यामागे अनेकदा एक आवश्यक काम असते. ते म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमची श्रेणीवाढ.

आभासी सर्व्हर म्हणजे काय?

एका शक्तिशाली संगणकावर विशिष्ट प्रणालीच्या साह्याने अनेक स्वतंत्र सर्व्हर चालविता येतात. मूळ यंत्रास यजमान आणि त्यावरील आभासी सर्व्हरांना पाहुणे म्हणतात. व्हीएमवेअर, हायपर-व्ही आणि २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झालेले केव्हीएम ही यातील प्रमुख साधने होत. यात खर्च वाचतो; मात्र यजमान थांबला की त्यावरील सारे पाहुणे थांबतात.

श्रेणीवाढ का?

मुदत संपलेल्या प्रणालीस सुरक्षेच्या दुरुस्त्या नियमितपणे मिळत नाहीत. व्हीएमवेअर ईएसएक्सआय ६.७ चे सर्वसाधारण पाठबळ १५ ऑक्टोबर २०२२ रोजी, विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चे १० ऑक्टोबर २०२३ रोजी, तर सेंटओएस ७ चे ३० जून २०२४ रोजी संपले. यजमानात शिरकाव झाल्यास सर्व पाहुण्यांची माहिती धोक्यात येते.

कामाचा क्रम

प्रथम प्रत्येक पाहुण्याची प्रत वेगळ्या यंत्रावर घ्यावी आणि ती पुन्हा सुरू करून पाहावी. न तपासलेल्या प्रतीवर भरवसा ठेवता येत नाही. स्नॅपशॉट ही अशी प्रत नव्हे. तो बहुधा त्याच डिस्कवर असल्याने डिस्कसोबत नष्ट होतो.

त्यानंतर प्रोसेसर, नेटवर्क कार्ड व डिस्क नियंत्रक नव्या आवृत्तीस चालतात का, हे उत्पादकाच्या यादीत पडताळावे. व्हीएमवेअरमध्ये व्यवस्थापन करणारे व्हीसेंटर आधी आणि यजमान नंतर, हा क्रम पाळावा लागतो.

दुसरा यजमान उपलब्ध असल्यास चालू पाहुणे त्यावर हलविता येतात व सेवा खंडित होत नाही. मात्र इंटेल प्रोसेसरवरून एएमडीवर असे चालू स्थितीत स्थलांतर सहसा होत नाही. एकच यजमान असल्यास पाहुणे रीतसर बंद करून, वेळेची पूर्वसूचना देऊनच काम हाती घ्यावे.

परतीची वाट

नवी प्रणाली सुरू होताच पाहुण्यांची रचना अद्ययावत करण्याची घाई करू नये. हायपर-व्हीमध्ये ही आवृत्ती एकदा वाढविली की पाहुणा जुन्या यजमानावर परत नेता येत नाही. काही दिवस कामकाज सुरळीत चालल्यावरच हे अखेरचे पाऊल उचलावे.

काम रात्री किंवा सुटीच्या दिवशी करून त्याची वेळ आधी जाहीर केल्यास नागरिकांचा तालुक्याचा हेलपाटा निश्चितच वाचू शकतो.