अंकल सॅमचा चेहरा

अंकल सॅमचे ते चित्र पाहिले नाही असा माणूस विरळाच. उंच टोपी, पांढरी बोकडदाढी, जाड भुवया आणि थेट आपल्या नाकावर रोखलेले बोट. 'मला तू हवा आहेस, अमेरिकेच्या सैन्यासाठी', असा खालचा मजकूर. पहिले महायुद्ध शिकवताना मी फळ्यावर खडूने ते बोट काढत असे. मुले घाबरायची नाहीत, हसायची! पण ते चित्र काढणाऱ्या जेम्स माँटगोमेरी फ्लॅगविषयी आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही.

आमच्या बहिणीची नात चित्रे काढून पोट भरते. नोकरी अशी नाही. आज पुस्तकाचे मुखपृष्ठ, उद्या लग्नपत्रिका, परवा कुठल्याशा मदतनिधीच्या कार्यक्रमात लोकांसमोर उभे राहून चित्र काढायचे. घरच्यांना वाटते, हे नवीनच खूळ. म्हणून म्हटले, आज फ्लॅगसाहेबांबद्दल लिहावे.

फ्लॅगचा जन्म १८७७ चा, न्यूयॉर्क राज्यातला. बारा वर्षांचा असताना त्याने 'सेंट निकोलस' या मुलांच्या मासिकाला पहिले चित्र विकले. पुढे न्यूयॉर्क, लंडन, पॅरिस इथे शिक्षण झाले. पण काम कसले केले नाही ते विचारा. मासिकांची मुखपृष्ठे, जाहिराती, कथाचित्रे, बड्या लोकांची व्यक्तिचित्रे, 'नर्व्ही नॅट' नावाच्या एका भटक्याची चित्रमालिका. वर मूकपटांच्या कथाही लिहिल्या. आपल्यातले वुडहाउसप्रेमी ऐकून खूश होतील, 'कॉस्मोपॉलिटन' मासिकात जीव्हजच्या काही कथांना याच माणसाची चित्रे होती. हात अतिशय चपळ. सुट्या कामावर जगणाऱ्याला तो असावाच लागतो, कारण चित्र वेळेवर गेले नाही तर पुढचे काम दुसऱ्याकडे जाते.

ते बोट मात्र मूळ त्याचे नव्हे. सप्टेंबर १९१४ मध्ये आल्फ्रेड लीट या इंग्रज चित्रकाराने 'लंडन ओपिनियन'च्या मुखपृष्ठावर लॉर्ड किचनेर असाच बोट रोखलेला काढला होता. (हाच तो किचनेर, जो हिंदुस्थानचा सरसेनापती असताना लॉर्ड कर्झनशी भांडला आणि ज्याच्यापायी कर्झनला १९०५ मध्ये राजीनामा द्यावा लागला.) फ्लॅगने ती कल्पना उचलली आणि ६ जुलै १९१६ च्या 'लेस्लीज वीकली'वर अंकल सॅम आला. चेहरा कुणाचा? स्वतःचा! आरशात पाहून काढला, वय वाढवले, दाढी चिकटवली, झाले. मॉडेलचे पैसे वाचले. पुढे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी या काटकसरीबद्दल त्याचे कौतुक केले म्हणतात. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि त्या चित्राच्या चाळीस लाखांहून अधिक प्रती छापल्या गेल्या.

सरकारने प्रचारासाठी समिती नेमली. तिच्या चित्रविभागाचे प्रमुख चार्ल्स डाना गिब्सन हे त्या काळचे नावाजलेले चित्रकार. या विभागाने सुमारे ७०० पोस्टरे तयार केली आणि चित्रकारांनी ती बिनमोबदला काढली. एकट्या फ्लॅगची त्या युद्धातली पोस्टरे ४६. एरवी एकेका चित्राचा भाव ठरवून घेणारी ही माणसे. देशासाठी म्हटल्यावर कुणी पैसे मागितले नाहीत. त्याच समितीच्या छापखान्याचे आणि कागदाचे पैसे मात्र दिलेच गेले असतील ना? मला हा प्रश्न नेहमी पडतो. चांगल्या कामासाठी फुकट काढून द्या, असे चित्रकारालाच का सांगतात? मांडववाल्याला कुणी सांगत नाही.

आता तो लोकांसमोरचा प्रकार. १९१८ मध्ये न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयासमोर, फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर, फ्लॅगने भल्यामोठ्या फलकावर मरीन दलाच्या भरतीचे चित्र रंगवले. रागाने अंगातला कोट उतरवणारा तरुण आणि पायाशी पडलेले वर्तमानपत्र. रस्त्यावरची माणसे थांबून पाहत राहिली. डोळ्यांसमोर चित्र आकार घेताना पाहण्यात एक ओढ असते. आपल्याकडे नाही का रांगोळी चालू असली की पाय थबकतात! पुरी झालेली रांगोळी पाहून माणूस पुढे जातो, अर्धी असली की थांबतो. गर्दी थांबली की भरतीवाल्याचे किंवा वर्गणीवाल्याचे काम सोपे.

पैशाचा मार्ग म्हणजे 'लिबर्टी लोन'. हे दान नव्हे, कर्जरोखे. सरकार साडेतीन ते सव्वाचार टक्के व्याज देणार, लहानात लहान रोखा ५० डॉलरचा. १९१७-१८ मध्ये अशा चार मोहिमा झाल्या आणि सुमारे १७ अब्ज डॉलर उभे राहिले. ते सगळे हौसेने आले असे समजू नका. रोखे न घेणाऱ्याला शेजारीपाजारी देशद्रोही म्हणत, कुठे कुठे अंगावरही जात. त्या बोटाचा तो दुसरा अर्थ.

आपल्याकडे तर बोटही रोखावे लागले नाही. १९१७ मध्ये हिंदुस्थानच्या तिजोरीतून ब्रिटनला दहा कोटी पौंडांची 'भेट' दिली गेली. रयतेला कुणी विचारले? जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत लोकमान्य टिळक स्वराज्याचा विषय काढू लागले, तर गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना बोलू दिले नाही आणि टिळक सभेतून उठून गेले. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.

पोस्टर निघाले तेव्हा फ्लॅग चाळिशीला टेकला होता. त्याने तरुणांना बोलावले आणि स्वतः ब्रश घेऊन न्यूयॉर्कमध्येच राहिला. यावर काही जण त्याला नावे ठेवतात. मला ते पुरते पटत नाही, आणि पुरते खोटेही म्हणवत नाही. दुसऱ्या महायुद्धात तेच चित्र पुन्हा भिंतींवर लागले. तेव्हा तो साठी ओलांडलेला होता. १९४६ मध्ये त्याने आत्मचरित्र लिहिले आणि १९६० मध्ये न्यूयॉर्कमध्येच गेला. लिबर्टीचे रोखे घेतलेल्यांचे काय झाले म्हणाल, तर १९२० मध्ये त्यांचे भाव दर्शनी किमतीच्या बरेच खाली घसरले. ज्यांना पैशाची नड होती, त्यांनी ते तोट्यात विकले.