दाणा आणि टरफल

धुळ्याच्या आमच्या शाळेत काही वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलीने मला विचारले, "सर, संगणक बंद असतो तेव्हा विंडोज कुठे असते?" मला उत्तर येत नव्हते. "परीक्षेत येईल तेवढेच विचार," असे म्हणून मी तिला खाली बसवले. त्यानंतर वर्षभर तिने हात वर केला नाही. ते शल्य आज इथे उतरवून ठेवतो.

वाचकहो, क्षणभर माझ्याबरोबर जळगाव स्टेशनावर चला. भुसावळ, मनमाड, सुरत अशा तिन्ही दिशांच्या गाड्या इथे येतात. फलाट मोजके, गाड्या पुष्कळ. कोणती आत घ्यायची नि कोणती सिग्नलपाशी थोपवायची, हे पाहायला स्टेशनमास्तर हवाच. संगणकातही तसेच. तिथे चालू असलेल्या प्रत्येक कामाला 'प्रोसेस' म्हणतात. तिला यंत्राचा वेळ आणि मेमरीतली जागा वाटून देणारा मास्तर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. तिचा अगदी आतला भाग तो 'कर्नल'. लष्करातल्या कर्नलशी त्याचे नाते नाही. हा शेंगेतला दाणा. आणि बाहेरून आपल्या आज्ञा ऐकून आत पोचवते ते 'शेल', म्हणजे टरफल.

हा मास्तर पहिल्यापासून नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच माणसांनी १९६० साली एक संगणक उभा केला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्याच्या मेमरीत अवघे २०४८ कप्पे! सुरुवातीच्या अशा यंत्रांवर साधारणतः एका वेळी एकच काम चाले. बाकीच्यांनी ताटकळत बसायचे. महागड्या यंत्राचा वेळ वाया जाऊ नये, या निकडीतून ऑपरेटिंग सिस्टिम जन्माला आली. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली 'युनिक्स' रचायला घेतली. पुढे १९९१ साली फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने तिच्याच धर्तीवर 'लिनक्स' हा कर्नल लिहिला आणि कोणीही वाचावा, सुधारावा म्हणून खुला ठेवला. आज रावेरचा शेतकरी ज्या अँड्रॉइड फोनवर केळीचे भाव पाहतो, त्याच्या पोटात हाच दाणा आहे.

आता त्या मुलीचे उत्तर. यंत्र बंद असते तेव्हा सारी सिस्टिम डिस्कवर निजलेली असते. कळ दाबली की वीज गेल्यावरही न पुसला जाणारा एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो आणि कर्नलला मेमरीत आणण्याची व्यवस्था लावतो. यालाच 'बूट होणे' म्हणतात. आपल्याच बुटाचा पट्टा ओढून स्वतःला वर उचलण्याची इंग्रजीत एक म्हण आहे, तिच्यावरून हा शब्द आला.

उत्तर एवढेसेच. ते तेव्हा येत नव्हते, हा गुन्हा नव्हे. "उद्या शोधून सांगतो" एवढेही मी म्हणालो नाही, हा मात्र खचित गुन्हा. फिनलंडच्या त्या पोराला कुणी असेच खाली बसवले असते तर?