दुरुस्ती झाली, पण पोचली नाही

नोव्हेंबर २०१७मध्ये दोन गोष्टी घडल्या. भारतात शाओमीचा रेडमी ५ए बाजारात आला. पाच हजारांच्या आसपास किंमत, त्यामुळे अनेक घरांतला तो पहिला स्मार्टफोन ठरला. त्याच महिन्यात गूगलच्या ‘सिझबॉट’ या यंत्रणेला लिनक्स कर्नेलमध्ये एक बग सापडला. सिझबॉटचं काम एवढंच, की दिवसरात्र कर्नेलला वेड्यावाकड्या विनंत्या करत राहायचं आणि तो कुठे कोलमडतो ते बघायचं. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध आहे, हे कळायला पुढे जवळपास दोन वर्षं गेली. कर्नेल सुरक्षित करण्याच्या इतिहासातला मला सगळ्यात बोलका वाटणारा प्रसंग तो हाच.

आधी कर्नेल म्हणजे काय ते पाहू. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सचा कर्नेल असतो. कॅमेरा, फाइल, नेटवर्क, काहीही हवं असलं तरी ॲपला त्याच्याकडेच मागावं लागतं. एका ॲपला दुसऱ्याच्या मेमरीत डोकावू न देणं हेही त्याचंच काम. म्हणजे कर्नेलच फितूर झाला, तर वरचे पासवर्ड आणि परवानग्या यांना काही अर्थ उरत नाही.

बग होता ‘बाइंडर’ या भागात. अँड्रॉइडमधली ॲप्स एकमेकांशी आणि सिस्टिमशी बाइंडरमार्फत बोलतात, म्हणून त्याचं दार जवळपास प्रत्येक ॲपला उघडं असतं. बगचा प्रकार समजायला लॉजचं उदाहरण घेऊ. पाहुण्याने खोली सोडली, पण किल्ली परत केली नाही. खोली दुसऱ्याला दिली गेली, तरी जुन्याची किल्ली चालतेच. इथे बाइंडर मेमरीचा एक तुकडा मोकळा करत होता, पण कर्नेलच्या दुसऱ्या भागाकडे त्या तुकड्याचा पत्ता तसाच राहत होता. हल्लेखोराने मधल्या वेळात त्या जागी आपला माल आणून ठेवला, की कर्नेल त्यालाच आपला समजून वापरणार.

फेब्रुवारी २०१८मध्ये दुरुस्ती झाली. मात्र ती अँड्रॉइडच्या मासिक सुरक्षा यादीत आलीच नाही, आणि आधीच विकले गेलेले कितीतरी फोन तसेच राहिले. सप्टेंबर २०१९मध्ये गूगलच्या ‘प्रोजेक्ट झीरो’ गटाला माहिती मिळाली, की एका बगचा वापर लोकांच्या फोनवर होतो आहे, आणि त्यामागे इस्रायलच्या एनएसओ कंपनीचं नाव घेतलं जातं आहे. एनएसओने ते नाकारलं. संशोधक मॅडी स्टोन यांनी शोध घेतला, तेव्हा निघाला तोच जुना बाइंडरचा बग. ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेल्या फोनच्या यादीत गूगलचा स्वतःचा पिक्सेल २ होता, सॅमसंगचे एस७, एस८, एस९ होते आणि रेडमी ५एही होता.

यातून ‘दुरुस्त्या लवकर पोचवा’ हा धडा निघतो, आणि तो खराच आहे. पण कर्नेल हार्डनिंग करणारे लोक त्याच्या बरेच आधीपासून वेगळं सांगत होते. त्यांचं म्हणणं असं: कुठल्याही क्षणी कर्नेलमध्ये न सापडलेला किंवा न दुरुस्त झालेला बग असणारच. तेव्हा तो बग सापडूनही हल्लेखोराच्या हाती काही लागू नये, अशी रचना करा.

ही वेळ आली त्याचं मूळ १९७३मध्ये आहे. बेल लॅब्जमध्ये युनिक्सचा कर्नेल सी भाषेत नव्याने लिहिला गेला. डेनिस रिची यांची ही भाषा वेगवान होती आणि प्रोग्रॅमरवर पूर्ण विश्वास टाकणारी होती. दिलेला पत्ता बरोबर आहे का, हे ती विचारत नाही. लिनक्सनेही पुढे तीच भाषा घेतली. २०००मध्ये ‘पॅक्स’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. त्याच्या कर्त्यांनी आपली नावं जाहीर केली नाहीत. प्रोग्रॅमचे भाग मेमरीत दर वेळी वेगळ्या जागी ठेवायचे, म्हणजे हल्लेखोराला पत्ता पाठ करता येणार नाही, ही कल्पना त्यांनी २००१मध्ये अमलात आणली. खुद्द लिनक्स कर्नेलची जागा अशी बदलती व्हायला २०१४ उजाडलं.

२०१५मध्ये कीस कुक यांनी असे उपाय मूळ लिनक्समध्ये आणायचा संघटित प्रयत्न सुरू केला. नोव्हेंबर २०१७मध्ये, म्हणजे पुन्हा त्याच महिन्यात, त्यांचं आणि लिनस टोरवाल्ड्स यांचं वाजलं. कुक यांचा बदल संशयास्पद मेमरी-व्यवहार दिसताच तो थांबवणारा होता. टोरवाल्ड्स यांचं म्हणणं, की वापरणाऱ्याचं चालू काम मोडणारी सुरक्षा कामाची नाही. आधी नुसता इशारा द्या, बग दुरुस्त होऊ द्या. अखेर इशारा देणारा बदल स्वीकारला गेला. मला टोरवाल्ड्स यांचा मुद्दा पटतो, पण अर्धाच. इशारा लॉगमध्ये उमटतो, प्रोग्रॅमर तो वाचतो, बग दुरुस्त करतो, इथवर ठीक. पण ती दुरुस्ती रेडमी ५एपर्यंत पोचलीच नाही, तर त्या इशाऱ्याचा फोनच्या मालकाला काय उपयोग?

बाइंडरच्या प्रसंगात याचं उत्तरही आहे. ॲपने मेमरीत कुठपर्यंत हात घालायचा, ही हद्द कर्नेल एका आकड्यात लिहून ठेवायचा. प्रोजेक्ट झीरोने बग किती घातक आहे हे दाखवताना तोच आकडा बदलला, आणि संपूर्ण कर्नेल ॲपच्या ताब्यात आला. २०२०च्या अखेरीपासून ही बदलता येणारी हद्दच लिनक्समधून काढायला सुरुवात झाली. किल्ली हरवली तरी चालेल, अशी व्यवस्था करण्याचा हा प्रकार.

पुढची पायरी रस्ट भाषेची. मोकळ्या केलेल्या मेमरीचा पत्ता वापरणारा कोड रस्टचा कंपायलर सहसा पुढे जाऊच देत नाही. डिसेंबर २०२२मध्ये लिनक्सने तिला प्रवेश दिला. अँड्रॉइडमधल्या सुरक्षा-बगांपैकी मेमरीच्या चुकांचा वाटा २०१९मध्ये ७६ टक्के होता, तो २०२४मध्ये २४ टक्क्यांवर आला, असं गूगलचं म्हणणं आहे. नवा कोड सुरक्षित भाषांत लिहिण्याला ते याचं श्रेय देतात. २०२५मध्ये रस्टमध्ये लिहिलेला बाइंडर मूळ लिनक्समध्ये दाखल झाला. त्याच डिसेंबरात त्यातही मेमरीचा एक बग निघाला, कंपायलरची तपासणी जिथे बाजूला ठेवलेली असते अशा ‘अनसेफ’ कोडमध्ये.

हे सगळं येतं ते नव्या फोनमध्ये. जुन्याचा कर्नेल जिथे थांबला तिथेच असतो. सेटिंग्जमध्ये शेवटच्या सिक्युरिटी अपडेटची तारीख लिहिलेली असते. आपली बघाच, आणि घरात आपला जुना फोन ज्यांच्याकडे गेलाय, त्यांचीही बघा. बँकेचं ॲप बहुतेक त्या फोनवरही असेल.